सुभद्राआत्याची माणसं

परवा माझी नात पलंगावर पालथी पडून कादंबरी वाचत होती. मी खोलीत गेले तशी तिने घाईघाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "आजी, सर्दी झालीय." मी "बरं" म्हटलं. पण स्वयंपाकघरात येऊन बसले आणि सुभद्राआत्या आठवल्या. पुस्तक वाचून आलेलं रडू त्यांनी आयुष्यात कधी लपवलं नाही. उलट शेजारपाजारच्या बायका गोळा करून, सगळ्यांना सोबत घेऊन त्या रडत.

सुभद्राआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन मुर्रीला आले तेव्हा त्या चाळिशीच्या जवळपास असतील. मुर्री गोंदियाला लागूनच, पण तेव्हा मधे सगळी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, होती आणि गाव अगदी गाव होतं. मी माहेरची भंडाऱ्याची, चार बुकं शिकलेली. आमचे हे गोंदियाच्या शाळेत मास्तर होते.

सासरी येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. दुपारची जेवणं आटोपून मी भांडी घासत होते आणि मागच्या पडवीतून रडण्याचा आवाज आला. एकीचा नाही, चार-पाच जणींचा. मी हातातलं भांडं तसंच टाकून धावले. पडवीत बायका पदर डोळ्यांना लावून बसलेल्या.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"नलू गेली वं," एकीने हुंदका आवरत सांगितलं.

"कोणाची नलू?"

"वकिलाची."

आमच्या नात्यात वकील कोण हे मला ठाऊक नव्हतं, पण नव्या सुनेने असं विचारत बसणं बरं दिसणार नाही म्हणून मीही खाली बसले आणि पदर डोळ्यांना लावला. मधोमध बसलेल्या आत्याबाईंनी मान वर केली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मांडीवर एक जाडसर पुस्तक उघडं होतं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तू कायले रडून राहिली वं? तू तं पयला भाग आयकलाच नाही."

ही आमची ओळख.

आत्याबाईंना वाचायला त्यांच्या भावाने, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी शिकवलं होतं. ते लहानपणी शाळेतून आले की पाटी बहिणीसमोर धरायचे. पोथ्या आत्याबाईंनी वाचून पाहिल्या, पण मन लागलं नाही. राजे-राण्यांच्या गोष्टींचाही त्यांना कंटाळा. त्यांना हवी असायची ती आजकालच्या माणसांची गोष्ट. कोणाचं कोणावर मन बसलं, कोणाचं माणूस हरवलं, कोण घरातून निघालं आणि शेवटी कुठे जाऊन टेकलं. आमचे हे गोंदियाच्या वाचनालयातून पुस्तक आणायला निघाले की त्या दारापर्यंत मागे जायच्या. "राजा-रानीचं नोको आनू गा. त्याइले कायचं दुःख? आपल्यासारखं मानूस आन, सकारी उठून चूल पेटवणारं."

वाचायच्या आधी त्या हातपाय धुऊन, तोंडावर पाणी मारून, पदर खोचून बसत. धानाच्या लावणीला उतरायचं असल्यासारखी तयारी. ओळीखाली बोट धरून खणखणीत आवाजात वाचायच्या. पुस्तकातलं पुस्तकासारखं वाचायचं आणि मधेच थांबून आपल्या बोलीत निकाल द्यायचा. "हा श्रीधर मोठा हलकट हाये, आतापासून सांगून ठेवते." गोंदियाहून हिंदी बोलणारी कोणी पाहुणी आली असली तर तिला हिंदीतूनही समजावून सांगायच्या. आणि शेवटचा भाग राहिला की पुस्तक मिटायच्या. बायका कितीही विनवोत. "आज नोको. आज सगळे जित्ते हायेत. एक रात सुखानं निजू द्या त्याइले."

पुस्तकातली माणसं घरात वावरायची. भाकरी थापताना त्या मधेच म्हणायच्या, "ते पोरगी उपाशीच निंगाली असन." सासूबाईंना आधी वाटायचं गड्याची पोरगी. एकदा आत्याबाई चुलीपाशी पुस्तक घेऊन बसल्या आणि वरण पार करपलं. सासूबाई ओरडल्या तशा आत्याबाई म्हणाल्या, "अवो वहिनी, इकडे त्या पोरीचं घर जळून राहिलं, अन् तुमाले दाळीचं पडलं." सासूबाई कपाळावर हात मारून घेत, पण चिडत नसत. त्या घरात आत्याबाईंना कोणीच कधी काही बोलत नसे. त्याला कारण होतं.

आत्याबाई ना सवाष्ण होत्या, ना विधवा. लहानपणी त्यांचं लग्न सालेकशाकडच्या एका गावात झालं होतं. नवऱ्याचं नाव मनिराम. नांदायला गेल्यावर एक-दोन सुगी त्यांनी पाहिल्या असतील. मग मनिराम रेल्वेच्या कामावर जातो, पोळ्यापर्यंत परत येतो असं सांगून गेला, तो गेलाच. पोळे येत गेले. कोणी म्हणे कलकत्त्याला आहे, कोणी म्हणे वाघाने खाल्ला, कोणी म्हणे बोटीत बसून गेला. तिकडचे सासू-सासरे वारले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वतः बैलगाडी घेऊन गेले आणि बहिणीला घरी घेऊन आले. गळ्यात काळ्या मण्यांची गरसोळी तशीच होती. ती काढायची की ठेवायची, हे कोणी सांगू शकलं नाही. म्हणून ठेवली.

मामंजींचा बहिणीवर फार जीव होता. घरातली चांगली खोली तिची, ताज्या तुपाची वाटी आधी तिच्यापुढे. गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने एकदा मामंजींना सांगितलं की बायकांना असली पुस्तकं ऐकवणं बरं नाही, मन बिघडतं. मामंजी म्हणाले, "तिचं मन माझ्या घरी आहे. बिघडलं तर मी बघून घेईन." तो माणूस परत आला नाही.

फुलवंताची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. फुलवंता आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. तिची मुलगी तापाने गेली. मुलगी नुकती चालायला लागलेली. सगळं गाव रडलं, फुलवंता रडली नाही. दुसऱ्या दिवशी रोवण्याला, धान लावायला, गेली. बोलेना, जेवेना, कोणी काही विचारलं तर नुसती बघायची. बायका कुजबुजायच्या की हिला काही लागलं. तिच्या सासूने देव केले, अंगारे केले.

एका दुपारी ती आपणहून आमच्या पडवीत येऊन कोपऱ्यात बसली. त्यावेळी जी कादंबरी चालू होती तिच्यात एक लहान मुलगा आजारी होता. पुढे काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. शेजारच्या बाईने आत्याबाईंना कोपर मारलं, की सोड हे पान, पुढचं वाच. आत्याबाईंनी पुस्तकात बोट घातलं आणि सरळ विचारलं, "फुलवंता, हे लेकरू जाणार हाये. वाचू का बंद करू?"

फुलवंता बराच वेळ जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "वाच."

आत्याबाईंनी वाचलं. एक शब्द गाळला नाही, आवाज हलका केला नाही. मुलाची आई त्याचं अंगडं उन्हात वाळत घालते आणि मग तिच्या लक्षात येतं, एवढं ते पान होतं. फुलवंताच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. आत्याबाईंनी पुस्तक बाजूला ठेवलं, तिला ओढून मांडीवर घेतलं आणि तिन्हीसांज होईपर्यंत थोपटत बसल्या. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. घरी जाताना फुलवंता म्हणाली, "काकी, भूक लागली." सासूबाई तोवर आतल्या आत धुमसत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "सुभद्रा, दुखावलेल्या माणसाला असं रडवतात का?"

"मी कोठं रडवली? रडू तिचंच होतं. अडकलं होतं."

आता दसारामची गोष्ट. दसाराम चोरखमाऱ्याकडचा. तिकडे तलावाखाली त्याचं थोडं रान होतं. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तेव्हा रान भावाच्या हवाली करून तो आमच्याकडे बटाईने धान करायला आला होता. उंच, सावळा, बोलायला अगदी कमी. दुपारी सगळे गडी बाभळीखाली आडवे व्हायचे तेव्हा हा पडवीला लागून असलेल्या गोठ्यात अंबाडीची दावी वळत बसायचा. पडवी आणि गोठा यांच्या मधे एक कुडाची भिंत होती. काही महिन्यांनी मामंजींच्या लक्षात आलं की घरात गुरांपेक्षा दावी जास्त झाली आहेत.

एके दिवशी आत्याबाई वाचत होत्या. गोष्टीतला नवरा तापाने फणफणलेल्या बायकोला म्हणतो की तू ढोंग करतेस. त्याबरोबर भिंतीपलीकडून आवाज आला, "हत् तुया मायला!"

बायका दचकल्या. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "कोन गा तिकडे?"

"मी. दसाराम."

"आयकून राहिला होता का?"

"कानावर पडते."

"मंग भिंतीमांगून कायले? इकडं येऊन आयक. भिंतीमांगून अर्ध आयकू येते अन् मानूस मधेच शिव्या देते."

दुसऱ्या दिवसापासून दसाराम पडवीच्या दारात, बायकांकडे पाठ करून बसू लागला. हातात दावं असायचंच. त्याची पाठच आम्हाला दिसायची, पण आत्याबाई म्हणायच्या की त्याच्या पाठीवरून कळतं कुठे लागलं ते.

त्यानंतर कधीतरी ती कादंबरी आली. तिच्यातल्या बाईचा नवरा परमुलखात जातो आणि बाई वाट बघत राहते. आमच्या ह्यांनी ती न वाचताच आणलेली. सुरुवातीची पानं वाचून झाल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, हे परत करू, दुसरं आणायला सांगते." त्या म्हणाल्या, "काऊन? मी का कागदाची हावो का, फाटाले?" आणि पूर्ण वाचलं. नेहमीसारखा शेवटचा भाग एक दिवस ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वाचला. बाई वाट बघत म्हातारी होते आणि उंबऱ्यावर बसल्या जागी मरते. पडवी रडली. आत्याबाईही रडल्या, पण नेहमीपेक्षा कमी.

दसाराम रडत नव्हता. तो वळून आत्याबाईंकडे तोंड करून बसला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलला. "मी म्हनतो, त्या बाईच्या नवऱ्याले कोनी शोधाले काऊन नाही गेलं?"

हातातलं दावं त्याने बाजूला ठेवलं.

"इतकी मानसं हायेत पुस्तकात. भाऊ हाये, दीर हाये, गाव हाये. सगळे तिची दया करून राहिले. एक मानूस गाडीत बसून पाहाले गेला नाही."

आत्याबाईंनी पुस्तक मिटलं. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आज जा गा सगळे," त्या म्हणाल्या. आणि उठून आत गेल्या.

पुढे बरेच दिवस वाचन झालं नाही. मळणी सुरू झाली होती, हे निमित्त होतं. एका सकाळी आत्याबाई आणि मी विहिरीवर पाणी भरत होतो तेव्हा दसाराम आला. माझ्यासमोरच बोलला, मी गेले असते तर बरं असं त्याला वाटल्याचं दिसलं नाही.

"बाई, मळनी झाली का मी जाऊन पाहू का?"

"काय?"

"तुमचा मानूस. हाये का नाही."

आत्याबाईंनी घागर खाली ठेवली. "तुले काय करायचं हाये गा मालूम करून?"

"तुमाले मालूम होईन."

"अन् तुले?"

दसाराम विहिरीच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "असन तं तुमचा हाये. नसन तं..." आत्याबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा. पन खरं सांगजो. पुस्तकासारखं करून सांगू नोको."

दसाराम गेला. कधी मालगाडीच्या ओळखीच्या माणसासोबत, कधी पायी. सालेकसा, डोंगरगड, रायपूर, जिथे रेल्वेच्या कामाला जुने लोक होते तिथे विचारत गेला. होळी झाली, तो आला नाही. मामंजी चिडले होते, बटाईचा माणूस न सांगता गेला म्हणून. आत्याबाई त्या दिवसांत अंगण रोज दोनदा झाडायच्या.

मोहाची फुलं गळायला लागली होती तेव्हा तो आला. वाळून काडी झाला होता. मामंजी ओसरीवर बसले होते, आम्ही सगळे होतो. त्याने पाणीसुद्धा आधी घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, "जिता हाये. भाटापाऱ्याले, रायपूरच्या पुढं. दाण्याच्या बाजारात हमाली करते. बायको हाये, लेकरं हायेत."

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. आत्याबाई खांबाला धरून हळूच खाली बसल्या. मला वाटलं आता घर फुटेल रडण्याने. त्यांनी विचारलं, "बरा हाये का?"

"खोकते. पन बरा हाये."

आत्याबाईंनी एक लांब श्वास सोडला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी आणि हसू, दोन्ही. "इतके साल मी त्याले रोज मारत होती अन् रोज जित्ता करत होती," त्या म्हणाल्या. "थकून गेली वं मी. सुटली आता."

मामंजी दसारामकडे रोखून बघत होते. "मेला म्हणून सांगता आलं असतं तुला," ते म्हणाले. दसारामच्या मनात काय आहे ते त्यांना तेवढ्यात कळलं होतं.

"आलं असतं. पन मंग याइनं रडलं असतं. अन् ते रडू खोटं झालं असतं."

त्यावर मामंजींनी त्याला पाणी द्यायला सांगितलं. पण राजी मात्र झाले नाहीत. आमच्यात पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लागायचा, त्यात कोणाला नवल नव्हतं. तरी ते दिवसभर बहिणीशी बोलले नाहीत. संध्याकाळी ती त्यांच्या समोर जाऊन बसली.

"दादा, रागावला का?"

"मी काय कमी केलं तुला?" मामंजी म्हणाले. "लोक म्हणतील, भावाला बहीण जड झाली."

"तू काही कमी नाही केलं. सगळं जास्तच केलं." आत्याबाई थांबत थांबत बोलत होत्या. "पन दादा, तुया घरी मले कोनी काही म्हनत नाही. दाळ जळाली तरी नाही. आपल्या घरी मानसाले कोनी ना कोनी काही तरी म्हनते. मी इथं पाहुनी हावो रे. इतक्या सालाची पाहुनी."

मामंजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आधी त्या माणसाकडून मोकळी हो. मग बघू."

म्हणून आम्ही भाटापाऱ्याला गेलो. मामंजींनी गावातले दोन जाणते पंच बरोबर दिले. आमचे हे होते, दसाराम होता, आणि बाईमाणसाला बाईची सोबत हवी म्हणून मी. सकाळची गाडी. सालेकशाचं जंगल लागलं तशी आत्याबाई खिडकीशी सरकून बसल्या. पळसाला फुलं होती. एका वळणावर त्यांनी मला बोट करून दाखवलं, "त्या झाडीच्या मांगं माहं सासर होतं." पुढे बोगदा आला, अंधार झाला, आणि उजेड आला तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाठ केलेली होती.

मनिरामचं घर बाजारामागे, गवती छपराचं. तो बाजेवर बसून बिडी ओढत होता. आम्हाला बघून त्याला वाटलं कोणी व्यापारी हमाल शोधायला आला आहे. "किसको पूछते हो?" तो म्हणाला. आत्याबाई पुढे झाल्या. त्याने ओळखलं नाही. त्यांनी फक्त आपल्या सासरच्या गावाचं नाव घेतलं. त्याची बिडी खाली पडली.

मग तो रडू लागला. पाया पडायला वाकला. आत्याबाई मागे सरकल्या. "उठ गा. मी रडाले नाही आली." त्याने रडत रडत सांगितलं की कामावर असताना तो आजारी पडला, त्या बाईच्या बापाने घरात ठेवून घेतलं, वाचवलं. "पयल्या साली घरी याले लाज वाटली. दुसऱ्या साली जास्त वाटली. मंग त्या लाजेचीच सवय झाली."

दारात त्याची बायको उभी होती, कडेवर लहान पोर. तिला भाषा कळत नव्हती, पण काय ते समजलं होतं. तिने पोराला आणखी घट्ट धरलं. आत्याबाई तिच्याजवळ गेल्या. "डरो मत बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हारा घर तोडने नहीं आयी. अपना जोडने आयी हूँ."

काडीमोड व्हायचा होता. आमच्याकडे पंचांसमोर नवऱ्याने काडी मोडून दोन्ही बाजूंना टाकली की नातं संपतं. मनिरामने छपरातून गवताची एक काडी ओढली. मोडायला गेला तर काडी नुसतीच वाकली. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. पुन्हा वाकवली, पुन्हा तेच. पंच एकमेकांकडे बघायला लागले. दसाराम अंगणाबाहेर पाठ करून उभा होता, त्याच्या मानेची शीर ताठलेली मला दिसत होती.

"आतल्या बाजूची घे," आत्याबाई म्हणाल्या. "ते वाळलेली असते."

त्याने आतून घेतली. कट् असा आवाज झाला. अगदी बारीक, पण अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला.

आत्याबाईंनी गळ्यातली गरसोळी काढली आणि त्याच्या हातात दिली. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. "ठेव," त्या म्हणाल्या, "पोरीच्या कामाले येईन." मग त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं, आम्ही प्यालो, आणि निघालो.

गाडीत बसल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काही खायाले आनलं हाये का वं?" सकाळपासून त्यांनी घास घेतला नव्हता. मी लाह्या आणि गूळ काढला. त्यांनी सगळा संपवला. एका स्टेशनवर पेरू आले, तेही खाल्ले. दसाराम समोरच्या बाकावर, सवयीने, दुसरीकडे तोंड करून बसला होता. आत्याबाईंनी त्याला हाक मारली. "इकडे तोंड करून बस गा आता. पंच पाहून राहिले तं पाहू दे." मग त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गोंदियापर्यंत गाढ झोपल्या. त्यांना इतकं निवांत झोपलेलं मी घरात कधी पाहिलं नव्हतं. माझा खांदा बधिर झाला, पण मी हलले नाही.

पाट दिवे लागायच्या वेळी लागला, फारसा गाजावाजा न करता. मामंजींनी स्वतःच्या हाताने दसारामला पागोटं बांधलं. बांधताना म्हणाले, "ही वाचायला बसली की घरात काय जळतं ते तू बघायचं." दसाराम म्हणाला, "पाहीन." फुलवंता तेव्हा पोटुशी होती, तरी सबंध स्वयंपाक तिने केला. दसारामने भावाकडून आपलं रान परत घेतलं आणि दोघं चोरखमाऱ्याला राहायला गेली. पडवी सुनी झाली. मी काही दिवस वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण बायका म्हणाल्या, "तू मधे काहीच बोलत नाही वं. मजा येत नाही."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. आमच्या ह्यांची बदली लांब झाली होती, जायच्या आधी एकदा भेटावं म्हणून मी बैलगाडीने चोरखमाऱ्याला गेले. तलाव भरलेला, बांधाच्या पाळीखाली धान पोटऱ्यात आलेलं. त्यांचं घर दोन खणांचं, मातीचं, नुकतंच सारवलेलं. आत्याबाईंचे केस पांढरे झाले होते. अंगावर मात्र थोडं मांस आलं होतं. घरात एक म्हातारी होती, दसारामच्या नात्यातली, कोणी नसलेली, आणि एक शेळी होती, तिलाही बहुतेक कोणी नव्हतं.

"वाचता का आता?" मी विचारलं.

"वाचते ना. तुया नवऱ्यानं धाडलेलं मागचं पुस्तक तं अर्ध्या गावानं आयकलं." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पन आता रडली का लवकर मोकळी होते वं. पयले दिवस दिवस पोटात राहे."

जेवण झालं. आम्ही पुष्कळ बोललो, कोणाचं काय झालं, कोणाला काय झालं. निघायची वेळ झाली तशी दसारामभाऊ मला काहीतरी बरोबर द्यावं म्हणून बाहेर गेले. छपरावर दुधीचा वेल चढला होता. त्यांनी हात वर करून सगळ्यात मोठ्या दुधीला धरलं.

"तो नोको," आत्याबाई आतून म्हणाल्या. "तो बियाचा ठेवला हाये, पुढच्या सालासाठी. त्याच्या बाजूचा दे, कवरा हाये."

मी गाडीत बसले, कोवळा दुधी मांडीवर. गाडी पाळीवर चढली तेव्हा मागे वळून पाहिलं. दोघंही छपराखाली मान वर करून उभी होती आणि वेलाकडे बोट दाखवून एकमेकांना काहीतरी सांगत होती.